शाखा बदलायची की नाही: ठरवण्याआधी कॅलेंडर आणि कागदांची फाइल उघडा

इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला की अनेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं: "मला हे जमत नाहीये, मला लाइन बदलायची आहे." एम-वनमध्ये, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरात, केटी लागलेली असते (विषय राहिलेला असतो), ग्राफिक्सच्या शीट्स अर्धवट असतात, आणि बारावीतला मित्र बीएस्सीत मजेत असल्याचे फोटो टाकत असतो. हे वाक्य गंभीरपणे घ्यायला हवं. पण त्याच आठवड्यात निर्णय घेऊ नये, कारण या एका वाक्यामागे तीन वेगळ्या अडचणी असू शकतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिली अडचण पहिल्या वर्षाचीच असते. गणित, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र, बेसिक इलेक्ट्रिकल, ग्राफिक्स, प्रोग्रॅमिंग ही पहिल्या वर्षाची चौकट बहुतेक शाखांना थोड्याफार फरकाने सारखीच आहे. सिव्हिलऐवजी कॉम्प्युटर घेतलं असतंत तरी एम-वन करावीच लागली असती. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या विषयांवरून "मेकॅनिकल आवडत नाही" असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण खरं मेकॅनिकल अजून सुरूच झालेलं नसतं. थर्मोडायनॅमिक्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स हे विषय दुसऱ्या वर्षात येतात.

दुसरी अडचण भाषेची, वसतिगृहाची, शहराची. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींच्या बाबतीत हे फार होतं आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. शाळेत ज्याला 'संवेग' म्हणून ओळखलं, तो 'मोमेंटम' होऊन फळ्यावर येतो, शिकवणारा पुढे जातो आणि मूल समजतं की आपल्याला विषयच कळत नाही. तपासायला सोपं आहे. तोच धडा मराठीतून कुणाकडून तरी समजून घ्या आणि मग त्यावरची पाच गणितं सोडवा. सुटली, तर विषय ठीक आहे, शब्द अडताहेत. शाखा बदलून ही अडचण जात नाही, नव्या शाखेतही व्याख्यानं इंग्रजीतच असतात. एका वहीत रोजचे दहा-पंधरा शब्द मराठी अर्थासह लिहीत गेलं की एका सेमिस्टरमध्ये फरक दिसतो.

तिसरी अडचण मात्र खरी: विषयच आपला नाही. ती ओळखायची खूण गुणांत नसते. चांगले गुण मिळूनही त्या विषयाचं पुस्तक परीक्षेनंतर उघडावंसं वाटत नाही, आणि दुसऱ्या एखाद्या विषयाचं पुस्तक कुणी न सांगता उघडलं जातं, तेव्हा विचार करायला हवा. इथून पुढचं सगळं या तिसऱ्या अडचणीसाठी आहे.

ज्या विषयाकडे जायचंय, त्याचा कंटाळवाणा भाग आधी बघा

विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून हव्या असलेल्या शाखेचा दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. पहिल्या वर्षाचा नको, तो सगळीकडे ओळख करून देणाराच असतो. मग त्यातला एक विषय निवडून दोन आठवडे, रोज दीड तास, परीक्षा आहे असं समजून अभ्यास करा. शेवटच्या दिवशी मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा.

कॉम्प्युटरला जायचं असेल, तर डेटा स्ट्रक्चर्समधली लिंक्ड लिस्ट घ्या. कोऱ्या कागदावर चार चौकोन काढा, पहिल्यातून दुसऱ्याकडे, दुसऱ्यातून तिसऱ्याकडे असे बाण काढत जा. आता दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये नवा चौकोन घालायचा आहे. आधी नव्या चौकोनाचा बाण तिसऱ्याकडे न्यायचा, आणि मगच दुसऱ्याचा बाण नव्याकडे वळवायचा. उलट केलंत, म्हणजे दुसऱ्याचा बाण आधी वळवलात, तर तिसऱ्या चौकोनाचा पत्ता कुठेच उरत नाही आणि तिथून पुढची सगळी यादी हातातून निसटते. हा क्रम का महत्त्वाचा आहे, यादी रिकामी असेल तर काय होईल, अगदी शेवटी चौकोन घालायचा असेल तर काय, हे प्रश्न तुम्हांला आपोआप पडत गेले तर ती शाखा तुमची असू शकते. "हे किती किचकट, पण नोकरी तर मिळेल" एवढंच वाटलं, तर पुढची तीन वर्षं हेच करायचं आहे हे लक्षात ठेवा. शिवाय शेजारी डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स बसलेलं असतं. गणिताला कंटाळून कॉम्प्युटरकडे जाणाऱ्यांना तिसऱ्या सेमिस्टरला तेच पहिलं भेटतं.

मानसशास्त्राकडे वळणाऱ्यांचंही असंच होतं. "मला लोकांचं ऐकून घ्यायला आवडतं" हे कारण मनापासूनचं असतं, पण बी.ए. मानसशास्त्रात सांख्यिकी आहे. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध, प्रसामान्य वक्र हे सगळं येतं, प्रयोग करून त्यांचे अहवाल लिहावे लागतात, आणि समुपदेशक म्हणून काम करायला पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण लागतंच. हे माहीत असून ज्यांना जायचंय, त्यांनी जरूर जावं.

तुम्ही कितव्या वर्षात आहात, यावर सगळं अवलंबून आहे

पहिल्या वर्षात असाल तर सर्वांत स्वस्त वाट म्हणजे त्याच कॉलेजात शाखा बदलणं. इंजिनिअरिंगमध्ये दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला रिकाम्या जागांवर, पहिल्या वर्षाच्या गुणवत्तेनुसार हा बदल दिला जातो. स्वायत्त संस्थांचे नियम त्यांचे स्वतःचे असतात, ते नियमपुस्तिकेत बघावेत. साधारण अट अशी असते की पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले हवेत. इथे मुलं एक चूक करतात: "नऊ सीजीपीए (दहापैकी सरासरी गुणांक) आहे, म्हणजे मिळेलच" असं धरून चालतात. जागा रिकामी झाली तरच बदल होतो आणि कॉम्प्युटर किंवा आयटी सोडून जाणारे फार नसतात. म्हणून जानेवारीतच कार्यालयात विचारा, गेल्या वर्षी कोणत्या शाखेत किती बदल झाले आणि शेवटचा सीजीपीए किती होता. दोन जागा आणि चाळीस अर्ज असतील, तर दुसरी वाट तयार ठेवूनच अर्ज करायला हवा.

कला, वाणिज्य, विज्ञान शाखांत नव्या शैक्षणिक धोरणामुळे चित्र बरंच सोपं झालं आहे. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत ही रचना 2024-25 पासून आली. अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीने शिकायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मुख्य, एक गौण ठेवून तिसरा सोडायचा अशी सोय आहे. म्हणजे पहिल्या वर्षी विषय निवडतानाच "हा नाही जमला तर तो" असा पर्याय घेऊन ठेवता येतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर 2022 च्या आराखड्यानुसार दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी त्याच विद्याशाखेत मुख्य विषय बदलता येतो. त्यासाठी संस्था मंजूर क्षमतेपेक्षा 10 टक्के जास्त जागा तयार करू शकते. पण पहिल्या वर्षाचा विषय राहिलेला असेल तर हा बदल मिळत नाही, आणि जागा गुणवत्तेनुसारच भरतात. शाखा सोडायचीच आहे म्हणून पहिल्या वर्षाच्या परीक्षा हलक्यात घेणारी मुलं नेमकी इथे अडकतात. बाहेर पडण्याचं दार याच परीक्षांतून उघडतं.

इंजिनिअरिंग सोडून पूर्ण वेगळ्या अभ्यासक्रमाला जायचं असेल तर बहुतेक वेळा पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. क्रेडिट बँकेत, म्हणजे सरकारी ऑनलाइन खात्यात, तुमचे क्रेडिट (सुटलेल्या विषयांचे श्रेयांक) सात वर्षांपर्यंत जपले जातात हे खरं, पण ते नव्या अभ्यासक्रमात वळते करायचे की नाही हे नवी संस्था ठरवते. इंजिनिअरिंग ग्राफिक्सचे क्रेडिट अर्थशास्त्राच्या पदवीत मुख्य विषयाचे म्हणून धरले जात नाहीत. तरीही अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) काढून क्रेडिट जमा झाले आहेत ना, हे डिजिलॉकरमध्ये तपासून घ्या. भाषा, पर्यावरण, मूल्यशिक्षण अशा विषयांचे क्रेडिट कधीकधी ग्राह्य धरले जातात.

आता वर्षांचा हिशेब करू. समजा, बी.टेक.चं पहिलं वर्ष झालंय आणि मन भौतिकशास्त्रात आहे. आत्ता सोडून बीएस्सीला गेलात तर तीन वर्षं, पुढे एमएस्सीची दोन, एकूण पाच. न सोडता बी.टेक. पूर्ण केलंत तर उरलेली तीन वर्षं, आणि पुढे एमएस्सीची दोन. तेही पाचच! म्हणजे पहिल्या वर्षाच्या शेवटी दोन्ही वाटा सारख्याच लांबीच्या आहेत, आणि निवड खरोखर आवडीवर करता येते. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हाच हिशेब पाच विरुद्ध चार होतो, तिसऱ्या वर्षाच्या शेवटी पाच विरुद्ध तीन. म्हणून पहिल्या वर्षानंतर बदलायचं असेल तर बदला, दुसऱ्यानंतर बदलायला कारण फार भक्कम हवं, आणि तिसऱ्यानंतर पदवी पूर्ण करून पदव्युत्तर टप्प्यावर वळणं जवळजवळ नेहमीच बरं. एक खबरदारी मात्र घ्या: हव्या त्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तुमची पदवी चालते का, हे संस्थेच्या पात्रता निकषांत वाचा. काही ठिकाणी त्याच विषयाची पदवी मागतात.

अनेक ठिकाणी मागतही नाहीत. तीन वर्षांचं एलएलबी, एमबीए, पत्रकारिता, समाजकार्य यांना सहसा कोणतीही पदवी चालते. वकील व्हायचंय म्हणून तिसऱ्या वर्षात मेकॅनिकल सोडण्यात काही अर्थ नाही. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेला तर स्वतःच्याच शाखेचा पेपर द्यावा असं बंधन नाही. मेकॅनिकलचा विद्यार्थी कॉम्प्युटरचा पेपर देऊ शकतो, आणि 2024 पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपरही आहे. एम.टेक.च्या प्रवेशासाठी कोणती मूळ शाखा चालते ते मात्र प्रत्येक संस्थेचं वेगळं बघावं लागतं. कॉलेजात मायनर किंवा ऑनर्सची सोय असेल तर साधारण 18 ते 20 जादा क्रेडिट करून दुसऱ्या विषयाची नोंद पदवीवर मिळते. आणि एप्रिल 2022 पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे. कॉलेज करत करत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूतून दुसरी पदवी करता येते. ही वाट मेहनतीची आहे, रविवार त्यातच जातात, पण नव्या विषयाची गोडी खरी आहे की नाही याची याहून चांगली परीक्षा दुसरी नाही.

दारं कधी बंद होतात

पुन्हा सीईटी देऊन दुसरी शाखा घ्यायची असेल तर निर्णय मे महिन्यात घेऊन चालत नाही. एमएचटी-सीईटीचे अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बंद होतात आणि परीक्षा एप्रिल-मेमध्ये, म्हणजे दुसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षेला अगदी लागून. अर्ज भरून ठेवा, देणं न देणं नंतर ठरवा. पेपरमध्ये अकरावीचा 20 टक्के आणि बारावीचा 80 टक्के भाग असतो, गणिताला 100 गुण, भौतिक आणि रसायनशास्त्राला 50-50, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. वर्षभर अकरावी-बारावीची पुस्तकं हातात नसतील तर किमान तीन महिने लागतात. बीबीए, बीसीए, बीएमएसलाही 2024 पासून राज्यात सीईटी आहे. बारावीच्या गुणांवर कुठेही बसू, असं धरून मुलं राहतात आणि अर्जाची तारीख निघून जाते.

डिझाइनकडे जाणाऱ्यांनी तर आजच नियम बघावेत. आयआयटी वगैरेंच्या डिझाइन पदवीसाठीची यूसीड परीक्षा लागोपाठच्या वर्षांत जास्तीत जास्त दोनदाच देता येते, आणि एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या) पदवी प्रवेशाला वयाची अट आहे. एक वर्ष "बघू" म्हणून घालवलं तर ते दार कायमचं बंद होऊ शकतं. जेईई अ‍ॅडव्हान्स्डलाही दोनच संधी, त्याही लागोपाठच्या दोन वर्षांत.

पैसा

भरलेली फी गेली. तिच्यासाठी तीन वर्षं आणखी घालवू नका, हिशेब फक्त पुढच्या खर्चाचा करा. परताव्याचे नियम प्रवेशाच्या शेवटच्या तारखेला बांधलेले आहेत. राज्यातल्या तांत्रिक अभ्यासक्रमांत त्या तारखेआधी प्रवेश रद्द केला तर 1,000 रुपये वजा करून बाकी परत मिळते, नंतर फक्त अनामत रक्कम. यूजीसीच्या 2018 च्या नियमात शेवटच्या तारखेनंतर 15 दिवसांपर्यंत 80 टक्के, 16 ते 30 दिवसांत 50 टक्के आणि त्यानंतर काहीच नाही. काही कॉलेजं "उरलेल्या तीन वर्षांची फी भरा, मगच कागद देऊ" म्हणतात. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) नियमांनुसार प्रवेश रद्द करणाऱ्याकडून पुढच्या वर्षांची फी मागता येत नाही आणि मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. असं झालं तर लेखी अर्ज द्या, मग कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा, आणि तिथे दाद लागली नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे.

शिष्यवृत्तीचा भाग मात्र अनेकांच्या नजरेतून सुटतो आणि तिथे मोठं नुकसान होतं. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत पूर्वपरवानगीशिवाय विषय किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. आधी समाजकल्याण कार्यालयात लेखी विचारा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून, हवा. नव्या कॉलेजात "जागा आहे, या, संस्था स्तरावर घेऊ" असं कुणी सांगितलं आणि तुम्ही गेलात, तर ही सवलत जाते. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला आधी कळवा. कर्ज त्या ठराविक अभ्यासक्रमासाठी मंजूर झालेलं असतं, आणि शिक्षण थांबलं असं बँकेने धरलं तर हप्ते सुरू होतात.

कागदांचा क्रम

सर्वांत जास्त घोळ इथे होतो, आणि तो एकाच कारणाने: जुना प्रवेश आधी रद्द केला जातो. नवी जागा हातात येईपर्यंत जुनी सोडायची नाही. कॅपच्या फेरीत जागा मिळाली, कागद तपासले गेले, की मग रद्द करण्याचा अर्ज. मधल्या काळात जुन्या कॉलेजात हजेरी आणि परीक्षा चालू ठेवा. नवी जागा मिळाली नाही तर निदान वर्ष वाया जात नाही.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास या सगळ्यांचे रंगीत स्कॅन आणि तीन-तीन साक्षांकित प्रती आत्ताच काढून ठेवा. नॉन-क्रिमिलेअरची मुदत बघा, प्रवेशाच्या वर्षात ती चालू असावी लागते. बारावीचा मूळ शाळा सोडल्याचा दाखला सहसा कॉलेजात जमा असतो, म्हणून तिथून निघताना त्यांचा दाखला लागतो. विद्यापीठ बदलत असेल तर जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट (स्थलांतर प्रमाणपत्र) लागतं, आणि त्याला वेळ लागतो. मधे वर्ष रिकामं गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. पण ज्या वर्षात तुम्ही दुसरीकडे शिकत होता, ते वर्ष गॅप म्हणून दाखवू नका. पुढे कागदपत्रं तपासताना ते खोटं प्रतिज्ञापत्र ठरतं आणि मिळालेला प्रवेश धोक्यात येतो. खरं लिहा: अमुक कॉलेजात प्रथम वर्ष केलं, प्रवेश रद्द केला, सोबत गुणपत्रिका.

घरी बोलताना "मला आवडत नाही" यापेक्षा एक कागद समोर ठेवणं उपयोगी पडतं. डावीकडे आहे तिथेच राहिलो तर पुढची वर्षं, खर्च आणि पदवीनंतरचं पहिलं पाऊल, उजवीकडे बदललं तर तेच तीन मुद्दे, खाली दोन आठवड्यांच्या अभ्यासानंतर सोडवलेली प्रश्नपत्रिका. वडील "लोक काय म्हणतील" म्हणत असले तरी त्यांना बहुतेक वेळा एकच भीती असते, की हे पोरगं दोन वर्षांनी तिसरं काहीतरी म्हणेल. त्या भीतीला उत्तर ती सोडवलेली प्रश्नपत्रिका देते.

आणि कार्यालयात जे काही द्याल, शाखाबदलाचा अर्ज असो, प्रवेश रद्द करण्याचा असो की मायग्रेशनचा, तो दोन प्रतींत न्या. एक खिडकीत द्या, दुसरीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, कारण पुढे मुदतीवरून वाद झाला तर त्या दिवशी अर्ज दिल्याचा पुरावा तो आवक क्रमांकच असतो.